ट्रान्सफॉर्मर्स : "नुसती कुस्ती" म्हणणाऱ्यांना उत्तर

भोसरीकर :
'जुना साठा' यांनी परवा लिहिलं की स्कायबाउंड प्रकाशनाच्या नव्या ट्रान्सफॉर्मर्स कॉमिक्समध्ये, म्हणजे गाड्या-विमानं होणाऱ्या रोबोंच्या मालिकेत, गोष्ट नाही, नुसती कुस्ती आहे. आधीच्या प्रकाशकाचे, आयडीडब्ल्यूचे, अंक वाचलेल्या माणसाला हा पोरखेळ वाटेल. आणि लेखक-चित्रकार डॅनियल वॉरन जॉन्सन २४ व्या अंकानंतर बाजूला झाला ते बरंच झालं. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

ऑक्टोबर २०२३ मध्ये पहिला अंक आला. त्यातच दुष्ट बाजूचा स्टारस्क्रीम चांगल्या बाजूच्या बम्बलबीला ठार करतो. सगळ्यांचा लाडका, खेळण्यांच्या दुकानात सगळ्यात पुढे मांडलेला बम्बलबी. तिथेच कळलं की इथे मार लागला तर तो लागलेलाच राहणार आहे, पुढच्या पानावर कुणी झटकून उभं राहणार नाही.

मग चांगल्या रोबोंचा नायक ऑप्टिमस, त्याचा हात जातो आणि त्याला शत्रूंच्या म्होरक्याचा, मेगाट्रॉनचा हात बसवतात. 'हे फक्त भारी दिसावं म्हणून केलंय' असं तुम्ही लिहिलंत, ते मला फार लागलं. माझे वडील एका कारखान्यात पॉवर प्रेसवर होते. मी सातवीत असताना त्यांच्या उजव्या हाताची चार बोटं गेली. नुकसानभरपाईचं काय झालं ते इथे लिहीत नाही. पुढची दोन वर्षं ते एकाही लग्नाला गेले नाहीत, कारण पंगतीत डाव्या हाताने जेवावं लागायचं आणि शेजारचा माणूस बघायचा. सही डाव्या हाताने शिकले तेव्हा बँकेने ती तीनदा परत केली. हात होता, काम करत होता, पण तो त्यांना आपला वाटत नव्हता. ऑप्टिमस त्या करड्या हाताकडे बघतो ना, ती नजर मी घरात पाहिलेली आहे. ज्या हाताने आपली माणसं मारली तोच खांद्याला लावून त्यांच्यासाठी लढायचं, ही गोष्ट नसेल तर गोष्ट म्हणजे काय ते तुम्ही सांगा.

२०२४ चे कॉमिक्सचे दोन आयसनर पुरस्कार, उत्तम चालू मालिका आणि उत्तम लेखक-चित्रकार, उगाच मिळाले नाहीत.

जुना साठा :
तुमच्या वडिलांचं वाचून खरंच वाईट वाटलं. पण त्यामुळे अंक चांगला ठरत नाही. तुम्ही स्वतःचं दुःख त्या पानावर नेलंत, पानाने ते दिलं नाही. आयसनरचंही सांगू नका, पुरस्कार बघून मी वाचत नाही.

हात गमावण्याचीच गोष्ट हवी असेल तर आयडीडब्ल्यूचा व्हर्ल घ्या. हा घड्याळं बनवणारा होता, बारीक कामाचा कारागीर. व्यवस्थेने शिक्षा म्हणून त्याचा चेहरा काढला, हात काढले आणि त्या जागी नख्या बसवल्या. ज्याचं सगळं जगणं बोटांत होतं त्याला चिमटे! लेखक जेम्स रॉबर्ट्सने ही जखम वर्षानुवर्षं उघडी ठेवली. जानेवारी २०१२ ला त्याची 'मोअर दॅन मीट्स द आय' मालिका सुरू झाली, तिचे ५७ अंक, नंतर 'लॉस्ट लाइट'चे २५. व्हर्लचा कडवटपणा, त्याचा आचरटपणा, सगळं त्या नख्यांतून येतं. एका पानावर नजर टाकून पुढच्या पानावर धपाधप मारामारी, असं तिथे नाही.

आणि फंक्शनिझम. तुम्ही ज्या वस्तूत बदलता तेच तुमचं काम, तीच तुमची पायरी. खणायच्या यंत्राने खाणीत मरायचं, त्याने पुस्तक लिहायचं नाही. मेगाट्रॉन खाणकामगार होता आणि त्याने लिहिलं, म्हणून सगळं पेटलं. माझे पणजोबा गावात मेलेली ढोरं ओढायचे. आजोबांनी पाटी हातात घेतली तर ती फोडली गेली. मी २७ वर्षांचा असताना मुलुंडच्या भाड्याच्या खोलीत हे अंक वाचले आणि रात्रभर झोप आली नाही. रोबोंचा सायबरट्रॉन म्हणे परग्रह! मला तो आमच्या गावाच्या वेशीबाहेर सुरू झालेला दिसला. चोवीस अंकांत असा एक विचार दाखवा, मी शब्द मागे घेतो.

तांबडी माती :
दोघांचं चालू दे, पण मला "नुसती" या शब्दाबद्दल बोलायचंय. मी कोल्हापूरचा, गंगावेशेत वाढलो. आजोबा मला खांद्यावर बसवून खासबागेच्या कुस्ती मैदानात न्यायचे. राजकारणात दोघं भांडले की पेपरवाले 'कुस्ती' लिहितात, नवराबायकोचं वाजलं की 'कुस्ती', आता रोबो भांडले तरी "नुसती कुस्ती". पहाटे चारला उठून हजार जोर मारणाऱ्या पोराला विचारा त्यात नुसतं काय असतं.

जॉन्सन अमेरिकन कुस्तीचा वेडा आहे हे त्याच्या पानापानात दिसतं. तो सुप्लेक्स, म्हणजे समोरच्याला उचलून मागे आपटायचा डाव, काढतो, धोबीपछाड नाही, मान्य. पण उचलण्याआधी पाय बघा. टाच जमिनीत रुतलीय, गुडघा वाकलाय, कंबर समोरच्याच्या कमरेखाली गेलीय. ढाक मारायची तरी तेच लागतं. बहुतेक चित्रकार रोबोला हवेत उडवतात, खाली माती उडवतात आणि मोकळे होतात. इथे आधी वजन दिसतं, मग आपटणं. त्यावर माइक स्पायसरचे रंग, धूळ आणि गंज यांचे. डोळे मिटले तर आवाज येतो.

आता जुना साठा यांना एक गोष्ट देतो. सातव्या अंकापासून होर्हे कोरोना चित्रं काढायला लागला आणि जॉन्सन फक्त लिहीत राहिला, तेव्हा माती सुटली. रेषा पळते छान, पण जमीन हादरत नाही. २५ पासून किर्कमन लिहितोय आणि डॅन मोरा काढतोय. मोराचे रोबो देखणे आहेत, पण शोरूममधून आत्ताच बाहेर काढल्यासारखे. पैलवानाच्या अंगाला माती नको?

रात्रीची गोष्ट :
माझा प्रश्न वेगळा आहे, पण तुमच्यातलंच कुणीतरी सोडवू शकेल. मी हे अंक रात्री लेकीला मराठीत सांगते. ती दहा वर्षांची आहे. इंग्रजीत रोबो 'मी' म्हणाला की भागतं. मराठीत प्रत्येक वाक्यात ठरवावं लागतं : आलो, आले की आलं? लेकीने स्वतःच नियम केला. ट्रक तो, म्हणून ऑप्टिमस तो. गाडी ती, म्हणून क्लिफजंपर ती. कार्ली ही माणसाची मुलगी आणि क्लिफजंपर यांची जोडी तेव्हापासून आमच्याकडे दोन मैत्रिणींची आहे आणि खरं सांगते, फार सुंदर लागते. अडलं ते विमानाला. विमान ते, म्हणजे स्टारस्क्रीम ते. तर म्हणाली, "आई, 'ते' आजोबांना म्हणतात. हा दुष्ट आहे, ह्याला 'ते' नाही म्हणायचं." तुम्ही काय कराल?

पिवळी वही :
प्रश्नच नाही. यंत्र नपुंसकलिंगी. सगळ्यांना ते, एकवचनी : ते आलं, ते पडलं, ते मेलं. गेली कित्येक वर्षं मराठीत रोबोला सरसकट 'तो' करून टाकलंय, आणि त्याचं एकमेव कारण म्हणजे इंग्रजीची नक्कल.

तांबडी माती :
"ऑप्टिमस पडलं" म्हणून बघा एकदा मोठ्याने. मांजर पडलं तसं वाटतं. एसटी यंत्रच आहे ना? ड्रायव्हर तिला 'ती'च म्हणतो, आणि घाटात चढत नसली तर तिच्याशी बोलतोसुद्धा.

पिवळी वही :
एसटी बोलत नाही. बोलणाऱ्या यंत्राचा प्रश्न आहे.

जुना साठा :
बोलणाऱ्या यंत्राचा प्रश्न या मालिकांत आधीच येऊन गेलाय, आणि वाईट रीतीने. आर्सी ही एकटीच स्त्री-रोबो आणि गुलाबी कशाला, याचं उत्तर द्यायला सायमन फर्मनने २००८ मध्ये आयडीडब्ल्यूत असं दाखवलं की तिच्यावर बळजबरीने प्रयोग करून तिला 'ती' केलं आणि त्यातून ती पिसाट झाली. म्हणजे बाई असणं ही इजा! वाचकांनी योग्य तेच सुनावलं. २०१४ ला मारग्रेड स्कॉटने विंडब्लेड ही स्त्री-रोबोची मालिका लिहिली, सारा स्टोनने काढली, तेव्हा कुठे श्वास घेता आला. त्यामुळे ताई, क्लिफजंपर ती असली तर काही बिघडत नाही. मात्र दहा वर्षांच्या मुलीला हे अंक सांगणं मला पटत नाही. यात मुंडकी उडतात, रुग्णालयात माणसं मरतात. हे लहान मुलांचं नाही.

रात्रीची गोष्ट :
माझ्या मुलीला काय सांगायचं ते मी ठरवीन. पानं मी आधी वाचते, काही गाळते, काही थांबून समजावते. तुमच्या आजोबांची पाटी फोडली, ती गोष्ट तुमच्या घरात लहान मुलांपासून लपवली होती का? नसणार. आमच्याही घरी आजीने सगळं सांगितलंय.

आणि गुलाबी काढलंतच म्हणून. मी नऊ वर्षांची असताना एका दुकानात जी. आय. जो हा खेळण्यातला सैनिक मागितला, फनस्कूलचे मिळायचे तेव्हा. दुकानदाराने बाहुली काढून समोर ठेवली. मी पुन्हा मागितला तर वडिलांकडे बघून म्हणाला, "भावासाठी का?" मला भाऊ नाही. वडिलांना संकोच वाटला आणि आम्ही बाहुली घेऊन घरी आलो. आज जी. आय. जो आणि हे रोबो 'एनर्जॉन' नावाच्या एकाच कॉमिक्स-विश्वात आहेत, आणि माझी मुलगी ठरवते कोण ती आणि कोण तो. हे मी कुणाच्या म्हणण्यावरून सोडणार नाही.

जुना साठा :
मुलीबद्दल बोलायला नको होतं. ते वाक्य मागे घेतो.

पिवळी वही :
तरीही व्याकरणाचं उत्तर कुणी दिलेलं नाही. ज्याला जन्म नाही, देह जोडलेला आहे, त्याला आपण पुरुष का धरतो? जोडलेल्या हाताचं लिंग हातावर ठरतं की खांद्यावर? मेगाट्रॉनचा हात लावल्यावर...

भोसरीकर :
थांबा! माझ्या वडिलांच्या हातावरून निघालेली गोष्ट तुम्ही लिंगविचारात नेऊन ठेवलीत आणि आता त्या हातालाच लिंग विचारताय. हे मला अजिबात आवडलेलं नाही.

जुना साठा, तुम्हाला उत्तर द्यायचं राहिलं. फंक्शनिझमचं तुम्ही लिहिलंत ते मी दोनदा वाचलं. तेवढी खोल व्यवस्था जॉन्सनच्या चोवीस अंकांत नाही, खरं आहे. पण तुम्ही असं बोलता जणू रोबोंना मन असतं हे २०१२ ला कळलं. मार्वलची मालिका १९८४ मध्ये चार अंकांसाठी सुरू झाली आणि ८० पर्यंत गेली. तिच्या २४ व्या अंकात ऑप्टिमस एक व्हिडिओ गेम जिंकतो, पण जिंकताना गेममधली निष्पाप पात्रं मरू दिली म्हणून स्वतःला नष्ट करायला सांगतो. गेममधली पात्रं! लहानपणी सगळे हसायचे त्यावर. मला आजही वाटतं की ऑप्टिमस म्हणजे तोच, ज्याला छोट्यातली छोटी इजा मोजावीशी वाटते. जॉन्सनने तोच ऑप्टिमस परत आणला. रॉबर्ट्सच्या गोष्टीत सगळे छान बोलतात, कोटी करतात, एकमेकांना समजून घेतात. माझ्या घरात कुणी बोलत नव्हतं. वडिलांनी त्या हाताबद्दल वीस वर्षांत एक वाक्य उच्चारलेलं नाही. म्हणून मला न बोलणारी पानं जवळची वाटतात.

तांबडी माती :
बरोबर. आखाड्यातही कुणी बोलत नाही.

जुना साठा :
माझ्या घरात उलट होतं. आजोबा बोलले, लिहिलं, म्हणून आम्ही इथवर आलो. न बोलण्याचं कौतुक मला परवडत नाही. यावर आपलं जमणार नाही, आणि जमायला हवंच असंही नाही. पण काल रात्री पहिले सहा अंक पुन्हा काढले. पाय बघितले. टाचा बघितल्या. तो हात बसवल्यानंतरची चित्रंही बघितली. खांदा एका बाजूला किंचित झुकलेला वाटतो, की मला तुमचं वाचून तसं दिसतंय, ते सांगता येत नाही.

रात्रीची गोष्ट :
लेकीने निकाल दिला आहे. स्टारस्क्रीम 'तो'. विमान असला तरी. कारण तिच्या वर्गात असाच एक मुलगा आहे.

पिवळी वही :
हा काही नियम झाला नाही.

भोसरीकर :
काल पहिला खंड वडिलांसमोर ठेवला. इंग्रजी त्यांना जमत नाही, चित्रं बघत गेले. हाताच्या पानावर बराच वेळ थांबले. मला वाटलं आता काहीतरी बोलतील. म्हणाले, "दुसऱ्या मशीनचा भाग आहे. सांध्याचं माप जुळणार नाही. घासणार हे, रोज घासणार." आणि पान उलटलं.

जुना साठा :
व्हर्लचे खंड माझ्याकडे दोन-दोन आहेत. एक संच वडिलांसाठी कुरियर करतो, चित्रं अलेक्स मिल्नची आहेत, नख्यांचे सांधे त्यांना बघू द्या. त्यावर ते काय म्हणतात ते मला हवंय.

"नुसती" मागे घेतलं. "कुस्ती" नाही.