बगदादची वीज आणि लोकांचं मत

२००३ च्या युद्धात अमेरिकेने इराकचा हुकूमशहा सद्दाम हुसेनला हटवलं, तर इराकी लोक खूश व्हायला हवे होते, मग अमेरिकेवर एवढा राग का, असं बरेच जण विचारतात. आनंद बऱ्याच जणांना झालाच होता, मान्य, पण या चर्चेत विजेबद्दल कुणी बोलत नाही. युद्धाआधी सद्दाम बाकीच्या प्रांतांच्या वाटची वीज बगदादला द्यायचा, २००३ नंतर ती सगळीकडे वाटायला लागले, ते न्याय्यच होतं, पण बगदादकरांना आधीपेक्षा कमी मिळायला लागली आणि तीही तिथल्या भयंकर उन्हाळ्यात. आमच्या पुण्यातल्या कोंढव्यात शेजारी इराकी विद्यार्थी राहायचे, त्यातला एक सांगायचा की तिकडे गल्लीत एकाचा मोठा जनरेटर, त्यावरून घरोघर वायरी ओढलेल्या आणि दर महिन्याला अँपिअरच्या (विजेच्या प्रवाहाचं माप) हिशोबाने पैसे, थोडे अँपिअर घेतले तर दिवे पंखे चालणार, एसी विसरा. आपण तर गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट गेली तरी कासावीस होतो हो!

आणि पैसे नव्हते असंही नाही, अमेरिकन काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, २००३ मध्येच इराकच्या पुनर्बांधणीसाठी १८.४ अब्ज डॉलर मंजूर केले होते, पण हिंसा वाढली तसे २००४ मध्ये पाणी आणि विजेच्या कामांचे ३ अब्जांच्या आसपास काढून मुख्यतः सुरक्षेकडे वळवले. माझ्या मते सगळ्यात मोठी चूक हीच.