रेडिएशननंतर तोंड उघडत नाही, दाढ हलतेय. काढावी का?

सीएचओ, मालवण तालुका
मी उपकेंद्राची सीएचओ, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी. आमच्याकडे गालाच्या कॅन्सरचे एक रुग्ण आहेत. वय ५२, रापणीवर (किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर) जाणारे. ऑपरेशन झालं, गळ्यातल्या गाठी काढल्या, मग ३० सिटिंगमध्ये ६० ग्रे (किरणांच्या मात्रेचं माप) रेडिएशन. ते संपून ५ महिने झाले. शेवटच्या तपासणीत आजार दिसला नाही. पण पुढच्या दातांमधलं अंतर २२ मिमी आहे, तोंड सारखं कोरडं पडतं, जेवण पेजेवर आलंय आणि त्या बाजूचा हात खांद्याच्या वर जात नाही. आता खालची दाढ किडून हलायला लागली आहे. गावातले डेंटिस्ट म्हणतात, पाच मिनिटांचं काम आहे, काढून टाकू. काढू द्यावी का? मुंबईतल्या परळच्या कॅन्सर हॉस्पिटलची पुढची तारीख दोन महिन्यांनी आहे.

तोंडाचे सर्जन, रत्नागिरी
थांबवा. आज काढायची नाही. रेडिएशनने जबड्याच्या हाडातल्या बारीक रक्तवाहिन्या कायमच्या बंद होतात. खालच्या जबड्याला मुळातच रक्तपुरवठा कमी, त्यात ६० ग्रे. अशा हाडातून दाढ उपटली तर खड्डा न भरण्याचा, हाड उघडं राहून सडण्याचा धोका असतो, आणि कधी कधी जबडाच मोडतो. हा धोका वर्षं उलटली तरी जात नाही. म्हणून तर खराब दात रेडिएशनच्या आधीच, किमान दोन ते तीन आठवडे हाताशी ठेवून काढायचे असतात.

आधी हे बघा: दाढ हलतेय ती फक्त किडीमुळे, की हिरडीला व्रण, गाठ, ओठ-हनुवटीला बधिरपणा आहे? यातलं काही असेल तर दोन महिने थांबू नका, आजार परतला नाही ना हे आधी ठरवावं लागेल. फक्त कीड असेल तर रूट कॅनाल करून वरचा भाग कापायचा आणि मूळ हाडातच ठेवायचं, हा पहिला पर्याय. मात्र २२ मिमीत मागच्या दाढेपर्यंत हत्यार पोचणं अवघड, त्यामुळे तोंड उघडण्याचा व्यायाम आजच सुरू व्हायला हवा. दाढ फारच सैल असेल आणि काढावीच लागली, तर ती कॅन्सर सेंटरमध्ये, रेडिएशनचा चार्ट समोर ठेवून. त्या जागी नेमके किती ग्रे पोचले ते चार्टमध्येच कळतं.

काही जण अशा वेळी दाबाखालच्या ऑक्सिजनच्या महागड्या सिटिंग सुचवतात. ब्रिटनमधल्या होपॉन चाचणीत (२०१९) रेडिएशन झालेल्या खालच्या जबड्यावर शस्त्रक्रिया करण्यापूर्वी तो देऊन पाहिला. हाड सडण्याचं प्रमाण ऑक्सिजन घेतलेल्यांत ६.४ टक्के, न घेतलेल्यांत ५.७ टक्के. त्यावर घरच्यांनी दागिने मोडू नयेत.

उरलेल्या दातांसाठी ५००० पीपीएम फ्लोराइडची पेस्ट, रात्री लावून नुसतं थुंकायचं, चूळ भरायची नाही. रोज, आयुष्यभर.

फिजिओथेरपिस्ट, सावंतवाडी
३५ मिमीच्या खाली म्हणजे जबडा आखडलेला. आईस्क्रीमच्या लाकडी काड्या घ्या. जेवढ्या सहज मावतात तेवढ्या एकावर एक धरून चांगल्या बाजूच्या दाढांमध्ये ठेवायच्या. पुढच्या दातांवर जोर द्यायचा नाही, ते हलतात. हलणाऱ्या दाढेवर तर नाहीच. मग गड्डीच्या मधोमध आणखी एक काडी हळूच सरकवायची. ताण जाणवला पाहिजे, कळ नको. ३० सेकंद धरायचं, सोडायचं, असं ५ वेळा. दिवसातून ५ फेऱ्या. जबड्यात प्लेट बसवली असेल तर आधी सर्जनला विचारा.

दर सोमवारी मिमीमध्ये मोजून वहीत लिहा. आधीपासून गुटखा-सुपारीने गाल कडक झालेले असतील तर वाढ फार सावकाश होते, म्हणून लोक महिनाभरात सोडून देतात. तंतू मात्र पुढेही आवळत राहतात. सोडलं की मिळवलेलंही जातं. व्यायाम चालू असताना अंतर अचानक कमी झालं आणि दुखायला लागलं, तर ताण वाढवू नका, तपासणीला पाठवा.

खांद्याचं कारण वेगळं. गाठी काढताना मानेतून जाणारी नस ताणली किंवा कापली जाते, खांदा खाली झुकतो. भिंतीवर बोटं चढवणं, खांद्याची पाती मागे ओढणं, मग रबरी पट्टीने हळूहळू जोर वाढवणं. तोवर त्या हाताने जाळं ओढू देऊ नका.

आहारतज्ज्ञ, चिपळूण
१ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात १ चमचा मीठ, १ चमचा खाण्याचा सोडा. दर दोन-तीन तासांनी आणि जेवल्यावर चूळ. रोज ताजं करा. कोरड पडते म्हणून घरोघर कोकम सरबत देतात, ते बंद. लाळ नसताना आंबट आणि साखर दोन्ही दातांना लागतात. सोलकढीऐवजी नुसतं नारळाचं दूध चालेल, मिरची-लसूण न घालता.

नुसत्या पेजेवर वजन राहत नाही. उकड्या तांदळाच्या पेजेत मूगडाळ शिजवून घोटा, वरून चमचाभर तूप. कुळथाची पिठी पातळ, तिखट न घालता. मासा हवाच, पण मोरी (लहान शार्क) किंवा सुरमई उकडून, काटा बोटांनी चाचपून काढून आणि कुस्करून. बारीक काट्यांचे पेडवे, तारली नकोत. पाणी पिताना ठसका लागत असेल तर गिळण्याची तपासणी करून घ्या, काही जणांत पाणी छातीत उतरतं आणि कळतही नाही. वजन दर आठवड्याला.

सीएचओ, मालवण तालुका
दाढ थांबवली. हिरडीला व्रण नाही, ओठ बधिर नाही. याच वाडीत आणखी एकाचं रेडिएशन सुरू व्हायचंय. त्याला हे सगळं टाळता येईल?

रेडिएशन विभाग, मुंबई
बरंच. तिथे आयएमआरटी, म्हणजे आजूबाजूचे अवयव वाचवून नेमक्या जागी किरण देण्याची पद्धत, मिळेल का ते विचारा. पार्सपोर्ट चाचणीत (२०११) लाळग्रंथी वाचवून किरण दिले, तर वर्षभराने तोंडाची त्रासदायक कोरड ३८ टक्क्यांत राहिली. जुन्या पद्धतीत ७४ टक्क्यांत. गिळण्याचे स्नायू वाचवण्यावर २०२३ मध्ये डार्स चाचणी आली, तीही गिळण्याच्या बाजूने चांगली. दातांची तपासणी आधी, काड्यांचा व्यायाम पहिल्या दिवसापासून, तंबाखू-मिश्री पूर्ण बंद.

दोघांनाही गळ्यावर किरण लागतील वा लागले असतील, तर टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) दर ६ ते १२ महिन्यांनी. थकवा, सूज, बद्धकोष्ठ याला अशक्तपणा समजून टॉनिकं दिली जातात आणि थायरॉईड राहून जातं.

येण्याजाण्यासाठी: उपचार किंवा तपासणीला जाताना कॅन्सर रुग्णाला रेल्वेत स्लीपर आणि थ्री एसीचं भाडं माफ असतं, सोबतच्या एकाला ७५ टक्के सूट. हॉस्पिटलचा ठरावीक नमुन्यातला दाखला, सही-शिक्क्यासह, तिकीट काढताना लागतो. तुतारी एक्सप्रेस थेट दादरला उतरवते.