सीआरझेड खरंच इंदिराबाईंच्या एका पत्रातून आलं का?

खाडीकाठ

मंडळी, प्रश्न जरा विचित्र आहे, पण परवापासून डोक्यात घोळतोय. पश्चिम उपनगरातल्या एका कोळीवाड्यात आमचं आजोबांच्या वेळचं घर आहे (नाव लिहीत नाही, इथे गावातले बरेच जण वाचतात). ओटीवरचे पत्रे काढून स्लॅब टाकायचा आणि आईचे गुडघे गेलेत म्हणून संडास खालीच घ्यायचा, एवढंच काम. कॉन्ट्रॅक्टर येतो, टेप लावतो, चहा पितो आणि म्हणतो, सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र, म्हणजे समुद्राजवळच्या बांधकामावर बंधनं) आहे, मी हात लावणार नाही. परवा वर ऐकवून गेला, "इंदिरा गांधींनी एक पत्र लिहिलं, त्याच्यापायी चाळीस वर्षं सगळा किनारा अडकलाय."

त्यावरून घरात जुंपली. आई म्हणते, बाई वाघीण होती, तिच्यामुळे दर्या राहिला. धाकटा भाऊ म्हणतो, जुनं उगाळू नका, आताच्या पंतप्रधानांनी ग्लासगोच्या हवामान परिषदेत जगासमोर शब्द दिलाय, पर्यावरणाचं खरं काम आत्ता चाललंय. मी दोघांच्या मध्ये.

तर, पत्राची गोष्ट खरी आहे का? पत्राने कोणाच्या घराचं काम कसं अडतं? आणि एखाद्या नेत्याला पर्यावरणाची खरोखर चाड आहे की फोटोपुरती, हे आपल्यासारख्याने ओळखायचं कशावरून? भाषणं सगळ्यांचीच छान असतात.

नकाशावाला

पत्र खरं आहे. तुमचं काम त्यामुळे अडलंय हे मात्र कॉन्ट्रॅक्टरने पदरचं घातलंय.

मी फोर्टातल्या एका आर्किटेक्टकडे ड्राफ्ट्समन होतो. ट्रेसिंग पेपर, रॉटरिंगची पेनं, अमोनिया प्रिंटचा नाकात जाणारा वास, तो जमाना. पुढे कॉम्प्युटर आला, पण भरतीची रेषा पकडून तिच्यापासून अंतरं टाकत बसायचं हे काम काही सुटलं नाही. त्यामुळे ह्या विषयावर मी जरा जास्तच बोलतो, सांभाळून घ्या.

२७ नोव्हेंबर १९८१ ला इंदिरा गांधींनी किनारपट्टीच्या राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिलं. मतितार्थ असा, की किनाऱ्यांची नासाडी चिंताजनक आहे, मोठ्यात मोठ्या भरतीच्या पाण्यापासून निदान ५०० मीटरपर्यंत किनारा मोकळा ठेवा, जिथे धूप होते तिथे शोभा न घालवता झाडं लावा, कारखान्यांची आणि शहरांची घाण समुद्रात सोडू नका. बस. पत्राला कायद्याचं बळ नव्हतं. १९८३ मध्ये केंद्राने मार्गदर्शक तत्त्वं काढली, तीही राज्यांनी फायलीत लावून ठेवली. मग भोपाळ झालं, त्यानंतर १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आला, आणि त्या कायद्याखाली १९ फेब्रुवारी १९९१ ला सीआरझेडची अधिसूचना निघाली. तेव्हा चंद्रशेखर पंतप्रधान होते आणि बाईंना जाऊन सहा वर्षं उलटली होती. पाचशे हा आकडा मात्र पत्रातून उचलून थेट राजपत्रात आला. तरी राज्यं किनाऱ्याचे आराखडे करायला तयार नव्हती. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कान उपटले, तेव्हा कुठे हालचाल झाली. त्या निकालात हे पत्र उद्धृत केलेलं आहे, कोणालाही वाचता येईल.

आता चाड ओळखायची कशी? माझा हिशोब सोपा आहे. टाळ्या कुठे मिळाल्या ते बघू नका, नेत्याने 'नाही' कोणाला म्हटलं ते बघा.

१४ जून १९७२ ला बाई स्टॉकहोमच्या पर्यावरण परिषदेत बोलल्या. यजमान स्वीडनचे ओलोफ पाल्मे सोडले तर सरकारचा प्रमुख असलेलं दुसरं कोणी तिथे गेलंच नव्हतं. गरिबी आणि गरज हेच सर्वांत मोठे प्रदूषक नाहीत का, हा त्यांचा सवाल गेली पन्नास वर्षं जो तो आपल्या सोयीने वापरतोय, कारखानदारसुद्धा. म्हणून भाषण मी बाजूला ठेवतो. त्याच वर्षी वन्यजीव कायदा आला, १९७३ ला व्याघ्र प्रकल्प आला. पण मला वजनदार वाटतो तो १९८० चा वनसंवर्धन कायदा. केंद्राला विचारल्याशिवाय राज्याने जंगलाची जमीन दुसऱ्या कामाला द्यायची नाही. म्हणजे खाणवाले, धरणवाले आणि आपल्याच पक्षाचे मुख्यमंत्री, सगळ्यांचं तोंड एकदम कडू. केरळातल्या सायलेंट व्हॅलीचं धरण असंच रद्द झालं. आपले पक्षीतज्ज्ञ सलीम अली, जन्माने पक्के मुंबईकर, त्यांनीही त्या जंगलासाठी आपला शब्द टाकला होता. १९८४ मध्ये तिथे राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं.

आईंना सांगा, वाघीण होती हे कबूल. पण ४८-अ आणि ५१-अ ही पर्यावरणाची कलमं राज्यघटनेत घुसली ती ४२ व्या दुरुस्तीने, १९७६ मध्ये, विरोधक तुरुंगात असताना. दिल्लीत तुर्कमान गेटला लोकांच्या घरांवर बुलडोझर फिरले तेही त्याच वर्षी. एकाच बाईच्या राज्यातल्या ह्या दोन्ही गोष्टी. एक सांगायची आणि दुसरी गिळायची, असं नको.

आणि त्या पत्राबद्दल माझी जुनी तक्रार आहे. निकालात जो मजकूर आलाय त्यात सौंदर्य आहे, झाडं आहेत, घाण आहे. कोळी नाही. दिल्लीहून बघितलं की किनारा म्हणजे नुसती पुळण. तिथे जाळी वाळतात, होड्या ओढतात, पोरं जन्मतात, हे त्यात कुठेच नाही. ह्याचं पुढे काय होतं ते मी ड्रॉइंग बोर्डवर पाहिलंय. नकाशा १:४०००. त्यावर अर्धा मिलिमीटरच्या पेनाने रेघ मारली, की नुसत्या शाईची जाडी जमिनीवर दोन मीटर होते. एका वस्तीत रेषा बरोबर एका घरातून गेली होती. मोरी सीआरझेडमध्ये, चूल बाहेर. मी पेन ०.२ चं घेतलं, तरी मोरी आतच. साहेब म्हणाले, रेषा अण्णा विद्यापीठाने मोजून दिलेली आहे, तू शहाणपणा करू नकोस. (भरतीरेषा आखायचा अधिकार देशात मोजक्याच संस्थांना आहे, चेन्नईचं अण्णा विद्यापीठ त्यातलं एक.)

तुमच्या घराचं. २०११ च्या अधिसूचनेत (तिच्या जागी आता २०१९ ची आहे) मुंबईचं वेगळं प्रकरण होतं. १९८१ च्या विकास आराखड्यात किंवा शासनाच्या इतर नोंदींत असलेले बृहन्मुंबईतले कोळीवाडे सीआरझेड-३ (ग्रामीण किनाऱ्याचा वर्ग) म्हणून नकाशावर घ्यावेत आणि तिथली घरबांधणी, पुनर्बांधणी स्थानिक नगररचनेच्या नियमांनी होऊ द्यावी, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. तेव्हा 'सीआरझेड म्हणजे हातच लावायचा नाही' ही थाप आहे. घोडं अडतं ते दुसरीकडे, तुमच्या कोळीवाड्याची हद्द सरकारी नकाशात नीट पडली आहे का आणि तुमचं घर त्या हद्दीच्या आत दाखवलंय का. सीमांकनाचा नकाशा बघा. प्रॉपर्टी कार्ड असेल तर ते काढा. आणि कॉन्ट्रॅक्टर बदला.

सरळसोट

काकांचं 'नाही म्हणणं' वाचायला बरं वाटतं. पण पर्यावरण म्हणजे नुसता किनारा आणि वाघ, हा सत्तरच्या दशकातला विचार झाला. आज प्रश्न हवेतल्या कार्बनचा आहे. १ नोव्हेंबर २०२१ ला ग्लासगोत मोदींनी जे पंचामृत मांडलं त्यात आकडे आणि तारखा आहेत. २०३० पर्यंत ५०० गिगावॉट बिगर-जीवाश्म (कोळसा, तेल, वायू सोडून) वीजक्षमता, निम्मी गरज अक्षय ऊर्जेतून, अंदाजित उत्सर्जनात एक अब्ज टनांची घट, अर्थव्यवस्थेची कार्बन-तीव्रता ४५ टक्क्यांनी खाली, आणि २०७० ला नेट झिरो (जेवढं उत्सर्जन तेवढंच शोषण). २०१५ मध्ये पॅरिसला फ्रान्सबरोबर आंतरराष्ट्रीय सौर आघाडी उभी केली तीही ह्यांनीच. स्थापित वीजक्षमतेतला बिगर-जीवाश्म वाटा २०२५ मध्येच निम्म्यावर गेला, ठरलेल्या मुदतीच्या पाच वर्षं आधी. आणि हे सगळं अशा देशाने केलंय जिथे माणशी उत्सर्जन जगाच्या सरासरीच्या निम्म्याहूनही कमी आहे. ह्याला चाड नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?

बाकी ५०० मीटरने मुंबईचं काय भलं केलं? मोडकळीला आलेल्या इमारती १९९१ च्या एफएसआयला (जागेच्या मानाने किती बांधता येतं त्या प्रमाणाला) जखडलेल्या, लोक टेकू लावून राहिले. ज्यांचे हात वरपर्यंत पोचतात त्यांचे टॉवर समुद्राकडे तोंड करून उभे राहिलेच ना.

वलांडी

मी कोलीणच. मासे सुकवायचा धंदा, सासूपासून आलेला. तेवढ्यावर बोलते, राजकारण मला नको.

खाडीकाठ दादा, तुमचा कॉन्ट्रॅक्टर ज्या रेषेला शिव्या घालतो ना, तिच्यापायीच आमचं मासे सुकवायचं खळं अजून जागेवर आहे. समुद्राकडच्या जागेला एकेका फुटाचा काय भाव येतो ते तुम्हाला माहीत आहे. ती रेषा नसती तर वलांड्या (मासे टांगायचे बांबू-दोऱ्यांचे मांडव) उभ्या करायला बांबूभर जागा राहिली नसती. बोंबील दोन-दोन, तोंडात तोंड अडकवून दोरीवर टांगायचे, खाली वारा खेळला पाहिजे. गच्चीवर होत नाही ते काम, आणि सोसायटीवाले वासाला नाकं मुरडतात ते वेगळंच.

पण नकाशावाले काका म्हणतात तेही खरं. गावात मोजणीला माणसं आली तेव्हा मी विचारलं, खळं कुठे दाखवलंय? तर म्हणे, मोकळी जागा. मोकळी कशी? नारळी पौर्णिमेनंतर होड्या गेल्या की पाय ठेवायला जागा नसते तिथे.

आणि हवामानाचं म्हणाल तर ते आम्हाला कोणी ग्लासगोहून सांगायला नको. पाऊस ऑक्टोबरात लांबला की टांगलेला माल कुजतो, त्याला किडे पडतात, मग तो खतालाच जातो. २०१९ ला क्यार झालं, लगेच मागोमाग महा, ऐन हंगामात होड्या किनाऱ्याला. तौक्ते आलं मे २०२१ मध्ये, आमच्या शेजारच्यांची होडी धक्क्याला आपटून आपटून फुटली. विम्याचं बोलू नका, ती वेगळी रड आहे.

सरळसोट भाऊ, सूर्याची वीज करा, चांगलंच आहे, आम्हीही उन्हावरच जगतो. पण डहाणूकडच्या वाढवणला बंदर का?

नकाशावाला

वलांडीताईंनी माझं काम सोपं केलं.

सरळसोट, तुमचे आकडे बरोबर आहेत. निम्मी क्षमता मुदतीआधी गाठली ही साधी गोष्ट नाही, त्याचं श्रेय द्यायलाच हवं. फक्त क्षमता आणि प्रत्यक्ष वीज ह्यांत गल्लत नको. सूर्य मावळल्यावर पॅनेल नुसतं छपरावर असतं. देशात तयार होणाऱ्या विजेचा मोठा वाटा अजून कोळशातूनच येतो. लांब कशाला, मुंबईचा पंखा फिरतो त्यात ट्रॉम्बे आणि डहाणूचा कोळसा आहे.

माझी कसोटी मी सगळ्यांना एकच लावतो. २०१९ ची सीआरझेड अधिसूचना घ्या. खाडीकाठची रेषा १०० मीटरवरून ५० वर आली. दाट लोकवस्तीच्या ग्रामीण किनाऱ्याचा बांधकामबंदीचा पट्टा २०० वरून ५०. शहरात गोठवलेला एफएसआय मोकळा. टेकू लावलेल्या इमारतींसाठी तो मोकळा होणं गरजेचं होतं, हे मला मान्य आहे. पण ज्या लाटांची काळजी ग्लासगोत वाहायची त्याच लाटांच्या दिशेने घर सरकवायची परवानगी दिल्लीत द्यायची, ह्याचा मेळ मला लागत नाही. २०२३ च्या अर्थसंकल्पात खारफुटी लावण्यासाठी 'मिष्टी' नावाची योजना आली. छान. ३० ऑगस्ट २०२४ ला त्याच पंतप्रधानांच्या हस्ते वाढवण बंदराची पायाभरणी झाली, आणि ते बंदर होतंय त्या डहाणू तालुक्यात जो १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून राखलेला आहे. १९९८ मध्ये तिथल्याच प्राधिकरणाने बंदराला नकार दिला होता, २०२३ मध्ये होकार दिला. रोजगार येईल, व्यापार वाढेल, ही बाजूही आहे. पण इथे 'नाही' कोणाला म्हटलं गेलं? डोल जाळं मारणाऱ्या कोळ्यालाच.

बाईंच्या पत्रात कोळी नव्हता, ह्यांच्या पंचामृतातही नाही. फरक एवढाच, की त्या पत्रातली रेषा राजपत्रात आल्यावर जमिनीवर टेप लावून मोजता येत होती आणि मोडली की कोर्टात जाता येत होतं. २०७० च्या शब्दाला कोण कोर्टात खेचणार? मी तर तेव्हा नसेनच, तुम्हीही काठी टेकत असाल.

सरळसोट

मेळ लागत नाही हे मान्य. पण सत्तर टक्क्यांचा माणूसही शंभरच्या कसोटीवर नापासच होतो, काका. बंदर नको, कोळसा नको, टॉवर नको, आणि एसी सगळ्यांना हवा. वाढवणबद्दल मात्र ताईंना उत्तर देण्याइतकं माझ्याकडे काही नाही.

खाडीकाठ

सगळ्यांचे आभार. आईला वाचून दाखवलं. आणीबाणीचं आलं तिथे तिने "ते वगळ" म्हणून हात केला, वलांडीताईंचं दोनदा वाचायला लावलं. भाऊ म्हणतो, मोजायची रेषा पाहिजे हे पटलं, पण मान्य करतोय असं लिहू नको. लिहिलं.

काका, सीमांकनाच्या नकाशात आमचं घर हद्दीच्या आत आहे, चांगलं ठसठशीत. पण प्रॉपर्टी कार्डावर आजोबांच्या नावात 'पांडुरंग'च्या जागी 'पंढरी' लागलंय आणि वडिलांचं नाव चढलेलंच नाही. आता?

नकाशावाला

वारस नोंद आणि नावदुरुस्ती, दोन्ही अर्ज एकदम द्या. आजोबांचा मृत्यूचा दाखला, जुनी घरपट्टीची पावती आणि मच्छीमार सोसायटीच्या सभासदत्वाची नोंद असेल तर ती जोडा. पुढचं विचारायला वेगळा धागा काढा, सिटी सर्व्हेत नोकरी केलेले दोघं-तिघं इथे आहेत, ते ह्या धाग्यावर फिरकायचे नाहीत. आणि जून तोंडावर आलाय. कागद हातात येईपर्यंत ओटीवरचे पत्रे काढू नका.