सावळ्या रंगाला म्हणे पिवळा चालत नाही

आमसुली

सोसायटीतल्या बायकांच्या ग्रुपवर काल एक पोस्ट फिरत आली. मथळा, 'सावळ्या मुलींनी टाळायचे रंग'. टाळायचे कोणते, तर पिवळा, केशरी, विटकरी, तपकिरी, मरून. घालायचे कोणते, तर बेबी पिंक, आकाशी, लव्हेंडर, मोतिया. कारण एकच, 'चेहरा उजळ दिसतो'. खाली अंगठ्यांची रांग आणि एका काकूंचं 'खूप उपयुक्त माहिती'. वाचून इतका संताप आला की इथे सविस्तर लिहायला बसले.

ज्यांचा वर्ण गडद आहे आणि त्यात पिवळसर-तांबूस झाक आहे, त्यांच्यासाठी ही यादी बरोब्बर उलटी आहे. पांढरा मिसळून फिका केलेला रंग अशा चेहऱ्याशेजारी आला की कापड आणखी पांढरट दिसतं आणि चेहरा आणखी काळवंडलेला. त्यात तो निळसर, थंड असेल तर अंगाची झाक राखाडीवर जाते. डोळ्यांखालची वर्तुळं, ओठांच्या कडेचा काळपटपणा, सगळं वर येतं. खिडकीशी उभं राहून एका खांद्यावर लव्हेंडर ओढणी टाका, दुसऱ्यावर मोहरी, आणि दोन्ही गाल बघा. मोहरीच्या बाजूचा गाल झोप झाल्यासारखा दिसतो.

आपल्याला भरलेले रंग लागतात. मोहरी, आमसुली, डाळिंबी, विटकरी, अंजिरी, शेवाळी, मोरपंखी. पांढरं हवंच असेल तर नीळ घातलेलं शुभ्र नको, हस्तिदंती किंवा मांजरपाटाचा कोरा रंग घ्या. आणि पिवळ्याबद्दल तर बोलूच नका. आपल्याकडे लग्नात मामा भाचीला अष्टपुत्री देतो ती पिवळीच असते, भाची गोरी की काळी हे बघून नाही. पंढरपूरच्या सावळ्यालाही पीतांबरच नेसवतात. शेकडो वर्षं ज्यांनी हे डोळ्यांनी पाहिलं त्यांना रंग कळत नव्हते?

मेकअपचंही तेच. दुकानात 'न्यूड', म्हणजे ओठांच्या मूळ रंगाला जुळणारी, म्हणून जी लिपस्टिक मिळते ती गोऱ्या कातडीची न्यूड. ती आपल्या ओठांवर खडू फासल्यासारखी बसते. आपली न्यूड म्हणजे तपकिरी-लाल, विटकरी, जळक्या साखरेचा रंग. ब्लश फिका पीच घेतला तर दिसतच नाही, गर्द केशरी किंवा विटेचा घ्या. वर्तुळांवर थेट उजळ कन्सीलर थापला की तिथे राख उठते, आधी केशरी करेक्टरचा पातळ हात हवा. हायलायटर चंदेरी नको, सोनेरी किंवा तांब्याचा.

'उजळ दिसते का' हा प्रश्नच चुकीचा आहे. चेहरा टवटवीत दिसतो का, एवढंच विचारा.

स्पष्टवक्ती

म्हणजे एक यादी फेकून दिलीत आणि दुसरी हातात दिलीत. वर्णावरून बाईला एखादा ऋतू द्यायचा आणि त्या ऋतूचेच रंग घालायला सांगायचे, हे फॅड १९८० च्या दशकात अमेरिकेत बोकाळलं. वसंत, ग्रीष्म, शरद, शिशिर असे चार कप्पे, आणि त्यातल्या जवळपास सगळ्या काळ्या-सावळ्या बायका सरसकट शिशिरात टाकलेल्या. पुढे चाराचे बारा कप्पे केले, त्यात तुमच्या गडद-तांबूस वर्णाचा 'डीप ऑटम' आला. इन्स्टावर पोरी गळ्याभोवती फडकी गुंडाळून 'मी कोणता ऋतू' विचारतात आणि मग अख्खं कपाट बदलतात. दुकानदार खूश. मला बेबी पिंक आवडतो, मी गडद आहे, मी घालते. माझी आई आयुष्यभर आकाशी नेसली, देखणी दिसायची.

आमसुली

घाला की! कुणी अडवलंय? पण 'तू सावळी आहेस म्हणून बेबी पिंक घाल, म्हणजे गोरी दिसशील' हे कुणी पोरींना सांगत असेल तर मी बोलणार. आवड वेगळी, सल्ला वेगळा.

नीलसावळी

धागा चांगला आहे, पण एक गृहीतक खटकलं. सावळं म्हणजे उबदार, पिवळसर-तांबूस झाकेचंच, असं कुणी ठरवलं? मी चांगली गडद आहे आणि माझी झाक निळसर-जांभळट आहे. मोहरी घातली की मावशी विचारते, कावीळ झाली का. मला राणी, जांभळा, वांगी, कोळशासारखा काळा असे रंग खुलतात. आणि आपल्यात कित्येकींची झाक हिरवट असते, ऑलिव्ह म्हणतात ती. त्यांना मोहरी चालते पण लिंबू पिवळा घातला की चेहरा उतरतो. त्यामुळे नुसतं 'पिवळा' म्हणून भागत नाही, कोणता पिवळा ते सांगा.

आणि कृपा करून कुणी मनगटाच्या शिरा बघायला सांगू नका. गडद हातावर शिरांचा हिरवा-निळा कळत नाही. दिवसाउजेडी, चेहरा धुऊन, एकदा केशरी-लाल लिपस्टिक लावा, पुसा, मग निळसर-लाल लावा. कुठली ओठांत मुरल्यासारखी वाटते आणि कुठली वरून चिकटवल्यासारखी, ते लगेच समजतं.

आमसुली

मी सुरुवातीलाच 'पिवळसर-तांबूस झाक' लिहिलंय. लिंबू पिवळ्याबद्दल सहमत, तो मीही घालत नाही.

पार्लरवाली

बावीस वर्षं नवऱ्या सजवते आहे म्हणून बोलते. तुम्ही सगळ्या जणी इथे फार शहाण्यासारखं लिहिता. माझ्या खुर्चीत बसल्यावर काय होतं ते ऐका. मी मानेशी जुळणारा बेस लावते. नवरी आरशात बघते, खूश असते. मागून आई म्हणते, 'ताई, दोन शेड उजळ करा ना, फोटोत काळी दिसेल.' सासूचा फोन येतो. मी तो बेस ठेवला तर संध्याकाळी 'पार्लरवालीने पैसे घेतले आणि काही केलंच नाही' हे गावभर होतं. मग मी उजळ लावते, मान, कान, हात रंगवत बसते, आणि फोटोत चेहरा वेगळा, बोटं वेगळी. वर फ्लॅश पडला की सिलिकाची पावडर पांढरी चमकते. शिव्या परत मलाच. तेव्हा त्या पोस्टवाल्या बाईला एकटीला धरू नका. गिऱ्हाईक मागतं तेच लिहिलंय तिने.

वऱ्हाडची लेक

ताई, गिऱ्हाईक मागतं म्हणून द्यायचं का? मला दाखवायच्या कार्यक्रमाला आत्याने फिक्कट गुलाबी नेसवली होती, वर पावडरचा थर. मुलाकडचे गेल्यावर आरशात पाहिलं तर मी मलाच ओळखू आले नाही. नंतर दुसऱ्या स्थळाच्या वेळी मी आजीची कुसुंबी इरकल नेसले, काजळ आणि कुंकू, बस. आत्या आठवडाभर बोलत नव्हती. लग्न तिथेच झालं असं सांगणार नाही, तेही मोडलं, हुंड्यावरून. पण त्या दिवशीचा फोटो अजून घरात लावलेला आहे. गुलाबी साडीतला कुणी लावला नाही.

पार्लरवाली

तुझी आत्या मला पैसे देणार होती का तू? राग मानू नकोस, पण दुकानाचं भाडं मलाच भरायचं असतं.

रंगारी

बायकांच्या धाग्यात पुरुषाने बोलावं की नाही माहीत नाही, पण इचलकरंजीत कापडाच्या प्रोसेस हाऊसला शेड मॅचिंगला असतो, म्हणून राहवलं नाही. ताई, तुम्ही रंगावर भांडताय, उजेडाचं कोण बोलणार? आमच्याकडे लाईट बॉक्स असतो. तोच तुकडा दिवसाच्या उजेडात, दुकानाच्या ट्यूबखाली आणि पिवळ्या बल्बखाली बघायचा. ट्यूबखाली दोन तुकडे हुबेहूब जुळतात आणि उन्हात एक हिरव्यावर जातो, एक लालवर. याला मेटॅमेरिझम म्हणतात. म्हणूनच साडीला ब्लाउज पीस दुकानात जुळतो आणि घरी आल्यावर जुळत नाही. विटकरी आणि मरून पांढऱ्या ट्यूबखाली मेलेले दिसतात, तेच उन्हात किंवा समईच्या उजेडात पेटतात. फिके पेस्टल रंग मात्र ट्यूबखाली छान दिसतात. ती पोस्ट लिहिणारीने सगळं आरशासमोरच्या पांढऱ्या दिव्यात पाहिलं असणार. साडी घेताना पदर दुकानाच्या दाराबाहेर नेऊन बघा. दुकानदार कुरकुरला तर दुसरं दुकान.

आमसुली

रंगारीदादा, पुरुषांनी जरूर बोलावं. या धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रतिसाद.

डोंबिवली फास्ट लेडीज

राखेचा विषय निघालाच आहे तर मला नवरात्रातल्या करड्या रंगावर बोलायचंय. नऊ दिवस नऊ रंग, त्यात शनिवार आला की करडा. माझ्यासारख्या गडद, उबदार वर्णाच्या बाईला करडा म्हणजे शिक्षा. ऑफिसला सुट्टी असली तरी ग्रुपवर फोटो टाकायचा, नाही टाकला तर 'मॅडम, स्पिरिट नाही'. दरवर्षी वेगळा क्रम, दरवर्षी नवा ड्रेस. हे कुठल्या पोथीत आहे? वर्तमानपत्राने काढलेलं खूळ आहे, याच शतकातलं. माझ्या आजीने घटाला झेंडूची माळ घातली, रंग म्हणाल तर तो एवढाच.

लेडीज डबा

झालं, आला नवरात्रावर घसरणारा प्रतिसाद! खूळ म्हणे. आमच्या डब्यात त्या नऊ दिवसांत जी मजा असते ती बारा महिन्यांत नसते. भाजी निवडणाऱ्या, अर्धी झोप काढणाऱ्या बायका एका रंगात उतरतात, गाडी थांबल्यावर फोटो काढतात. मासे विकणाऱ्या मावशीसुद्धा त्या दिवशीच्या रंगाची साडी नेसून येतात. कुणाची जबरदस्ती नसते.

डोंबिवली फास्ट लेडीज

नसते? गेल्या वर्षी टीम लीडने हजेरीसारखी यादी केली होती, कोणी कोणता रंग चुकवला. आमच्याकडची हाऊसकीपिंगची मुलगी उसनी ओढणी मागत फिरत होती. त्याला मजा म्हणता?

लेडीज डबा

तुमचा टीम लीड वाईट म्हणून रंग वाईट? तुम्ही ऑफिसात तक्रार करा, इथे देवीला मध्ये आणू नका.

डोंबिवली फास्ट लेडीज

देवीला मी कुठे आणलं? देवी नवरात्रात करडं नेसते का? विचारा पुजाऱ्यांना.

स्पष्टवक्ती

डोंबिवली, शंभर टक्के सहमत. वर्तमानपत्राने ठरवलेला रंग नको आणि ऋतूच्या कप्प्याने ठरवलेला चालतो, हे मात्र मला जमत नाही. दोन्ही दुसऱ्यानेच ठरवलेले.

नीलसावळी

करड्याला एवढं का झोडताय? मला करडा सुंदर दिसतो. शनिवारी माझे फोटो सगळ्यात चांगले येतात. डोंबिवली, तुम्ही कोळशाकडे झुकणारा करडा घ्या, काठ तांब्याच्या जरीचा बघा आणि गळ्याशी सोन्याचं काहीतरी घाला. सिमेंटचा रंग घेऊन रडू नका.

डोंबिवली फास्ट लेडीज

तांब्याची जर चालेल. पण लोकांच्या यादीसाठी साडी विकत घेणार नाही म्हणजे नाही.

टोरांटोकर

मूळ विषयावर येते. इथे आल्यावर आयुष्यात पहिल्यांदा माझ्या मानेच्या रंगाचं फाउंडेशन मिळालं. २०१७ मध्ये रिहानाच्या फेंटी ब्युटीने एकदम ४० शेड्स काढल्या, मग बाकीच्यांनाही गडद शेड्स वाढवाव्या लागल्या. मायदेशी आले की दुकानात तेच, गडद शेड 'स्टॉकमध्ये नाही मॅडम, मागणी नसते'. ज्या देशात बहुसंख्य लोक सावळे, तिथे मागणी नाही? १९७५ पासून फेअर अँड लव्हली विकलं, २०२० मध्ये नावातलं फेअर काढून ग्लो घातलं, काउंटरवरची मुलगी अजूनही हातावर दोन शेड वरचीच लावून दाखवते. तिला सांगा, हातावर नको, जबड्याच्या कडेला लाव. मग दहा मिनिटं थांबा, बरीच फाउंडेशन्स हवेने गडद होतात, आणि बाहेर उजेडात जाऊन बघा. सनस्क्रीनचंही तेच, झिंक आणि टायटॅनियमवाली आपल्यावर पांढरी बसतात, रंगाची छटा असलेली किंवा जेलची घ्या.

पार्लरवाली

टोरांटोकर, मागणीचं ते खोटं नाही. माझ्या पेटीतल्या गडद शेड्स मुदत संपून फेकाव्या लागतात, कारण लावू देत नाहीत कुणी. त्या शेड्सही मी पदरचे पैसे घालून ठेवते.

स्पष्टवक्ती

मोहरी आणि लव्हेंडर ओढणीचा प्रयोग खिडकीशी करून पाहिला. फरक दिसतो, एवढं मान्य. गालावर आणि डोळ्यांखाली स्पष्ट दिसतो. ऋतूबितू मला अजूनही पटत नाहीत आणि बेबी पिंक मी सोडणार नाही, फार तर चेहऱ्यापासून लांब, सलवारीत घालीन.

आमसुली

सलवारीत काहीच अडचण नाही. गळ्यापाशी येतो तोच रंग चेहऱ्यावर काम करतो. बेबी पिंक वरतीच हवा असेल तर गडद डाळिंबी ओढणी मध्ये घ्या.

डिसेंबरची नवरी

सगळं वाचून काढलं. माझा वर्ण गडद, झाक उबदार, लिपस्टिकचा प्रयोग करून पाहिला, केशरी-लाल मुरली. रिसेप्शनला सासूबाईंनी पावडर ब्लू लेहेंगा सुचवलाय. मला डाळिंबी पैठणी नेसायची आहे, मोरपंखी काठांची. हॉलमध्ये दिवे पांढरे असतील की पिवळे माहीत नाही. मेकअपला काय सांगू?

रंगारी

हॉलवाल्याला आजच फोन करून दिवे विचारा. पांढरे असतील तर डाळिंबीत जरा लाल जास्त असलेली पैठणी बघा, आमसुली रंगाकडे झुकणारी त्या उजेडात काळी पडेल. जरतार खरी असेल तर काठाचं काही बिघडत नाही.

आमसुली

पावडर ब्लू अजिबात नको. डाळिंबीच. ओठांना विटकरी-लाल, डोळ्यांना तांब्याची छटा, टिकली मोठी. दागिने सोन्याचे, मोती पिवळसर असतील तर मोत्यांची नथही चालेल.

पार्लरवाली

विटकरी-लाल हॉलच्या उजेडात तपकिरी दिसेल, मी शुद्ध लाल लावीन, निळसर नाही. बाकी पैठणीला माझी हरकत नाही. ट्रायल दुपारी चारच्या आत घे, गॅलरीत, आणि फ्लॅश टाकून एक फोटो काढ. येताना आईलाही घेऊन ये. मी मानेशी जुळणारा बेस लावीन, आणि ती 'अजून जरा उजळ' म्हणाली तर उत्तर तू द्यायचं, मी देणार नाही.