मुकुट चोरला की सोडवला? हेलेने कोटानेरीनवरून

तिरपी_मात्रा
परवा कुणीतरी हेलेने कोटानेरीनवर लिहिलं: "राणीची मोलकरीण. कुलुपं फोडून हंगेरीचा मुकुट पळवला, पुढची यादवी हिच्याच पदरात." खाली बदाम आणि टाळ्या. दोन दिवस गप्प बसले, आता बसवत नाही.

मोलकरीण कुठून काढली? शोप्रॉनच्या लहानशा सरदार घराण्यातली बाई, पहिला नवरा त्याच गावचा नगराध्यक्ष. धाकटी राजकन्या हिच्या अंगाखांद्यावर वाढत होती. ऑक्टोबर १४३९ मध्ये राजा अल्बर्ट वारला तेव्हा राणी एलिझाबेथ पोटुशी. तुर्क दाराशी आलेले, म्हणून सरदारांनी लकडा लावला, पोलंडच्या व्लादिस्लावशी लग्न कर. ती तिशीची, तो पंधराचा. राणी वरवर हो म्हणाली आणि मागे राहिलेल्या सख्यांना कोमारोमला आपल्याकडे आणायच्या निमित्ताने हेलेनेला व्हिशेग्राडच्या किल्ल्यावर धाडलं, खरं तर पोटातल्या बाळासाठी तिथला मुकुट आणायला.

२० फेब्रुवारी १४४० ची रात्र. आत एक हंगेरियन सरदार आणि त्याचा नोकर कानशी घेऊन कुलुपं कापतायत, बाहेर ही गुडघ्यावर बसून प्रार्थना करतेय. मध्येच शस्त्रांचा खणखणाट ऐकू येतो, ही घामाघूम. जाऊन बघते तर कुणी नाही. काम झाल्यावर नवी कुलुपं, वर राणीची मोहोर, कानशी संडासात. देवघरातली लाल मखमली उशी उसवली, थोडी पिसं काढली, मुकुट आत ठेवून पुन्हा शिवली. हे सगळं तिनेच लिहून ठेवलंय. व्हिएन्नाच्या ग्रंथालयात हस्तलिखित आहे. वाचा, मग मोलकरीण म्हणा.

भुईकोट
परवाचं मीच लिहिलं होतं. मोलकरीण शब्द मागे घेतो, बाकी एक अक्षर नाही. कानस लावून कुलूप कापलं, मोहोर पुन्हा उठवली, पुरावा संडासात टाकला. ताई, याला मराठीत चोरीच म्हणतात. आणि बाळ तर जन्मलंही नव्हतं! मुलगी झाली असती तर?

तिरपी_मात्रा
तर काय? अल्बर्टला गादी कुणामुळे मिळाली? आधीचा राजा सिगिस्मुंड, त्याचा जावई म्हणून. वारस सिगिस्मुंडची मुलगी एलिझाबेथ. म्हणजे मुकुट तिच्या माहेरचाच. घरधनिणीने स्वतःच्या कपाटातली वस्तू मागवली तर चोरी?

खमंग_फोडणी
इतिहास मला कळत नाही, पण उशीवर बोलते. मुकुट गोल आणि टोकदार. पिसांच्या उशीत तो टोचणार नाही, खडखडणार नाही असा बसवून रातोरात टाके घालायचे, हे शिवणारीलाच कळेल. आजीने ८२ साली अंगावरचं सोनं गोधडीत शिवून सोलापूरहून पुण्याला रात्रीच्या पॅसेंजरने आणलं होतं. गोधडीवर मी आणि भाऊ झोपलेलो. आजीचा डोळा लागला नाही. सकाळी विचारलं तर म्हणाली, "ढेकूण होते."

तिरपी_मात्रा
@खमंग_फोडणी अगदी हेच! उशी घसरगाडीवर, वर बैलाचं जुनं कातडं, शेपटी मागे लोंबतेय. आणि ही सारखी वळून वळून मागे बघतेय. डॅन्यूब गोठलेली, पण बर्फ जागोजागी पातळ. पोरींची गाडीच कलंडली, आरडाओरडा, हिला वाटलं मुकुटासकट बुडालो. रात्री कोमारोमला पोचल्या आणि त्याच रात्री राणी बाळंत झाली. मुलगा!

मुक्काम_पोस्ट
गोधडीतलं सोनं निदान आजीचं होतं. आता दुसरी बाजू ऐका. आई आजारी असताना मामी म्हणाली, "दवाखान्यात गडबड असते, पाटल्या मी सांभाळते." चार पाटल्या, दोन तोड्यांचे जोड. आई गेली. तेराव्याला विषय काढला तर मामी रडायला लागली, "मला चोर समजता?" त्यामुळे 'सांभाळायला नेलं' ऐकलं की माझं टाळकं सरकतं. प्रत्येक चोर सांभाळतच असतो.

खमंग_फोडणी
पावती नव्हती? आम्ही सोनाराकडून वजनाची चिठ्ठी घेऊनच ठेवतो.

मुक्काम_पोस्ट
मरणाऱ्या आईच्या हातातून पाटल्या उतरताना चिठ्ठी मागायची होती का मामीकडे? काहीही बोलता.

खमंग_फोडणी
चुकलं. पण लॉकर असतात ना.

भुईकोट
लॉकरचं पुराण आवरा. मूळ मुद्दा असा की मुकुटाने झालं काय? १५ मे १४४० ला सेकेशफेहेरवारला बारा आठवड्यांच्या तान्ह्याला राज्याभिषेक. दोन महिन्यांत, १७ जुलैला, त्याच गावात, त्याच एस्टरगोमच्या आर्चबिशपच्या हातून व्लादिस्लावलाही राज्याभिषेक! मुकुट नव्हता तर हंगेरीचा पहिला राजा संत इश्तवान, त्याच्या अवशेषपेटीवरचा घेतला. सरदारांनी जाहीर केलं, राजा कोण ते देश ठरवतो, धातूचा तुकडा नव्हे. मग दोन वर्षं हाणामाऱ्या. तुमच्या हेलेनेच्या उशीतून निघालं ते हे.

तिरपी_मात्रा
धातूचा तुकडाच होता तर सरदारांनी पेटी उघडल्यावर बोंब का मारली? आणि लढाई बाईने लावली? पंधरा वर्षांच्या पोराला तिशीच्या विधवेच्या गळ्यात बांधणारे काय आरती ओवाळत होते? बाईने हातपाय हलवले की कारस्थान, पुरुषांनी हलवले की मुत्सद्देगिरी.

भुईकोट
आला, बाई-पुरुष आला. वाटच बघत होतो. आणि ती जर्मनमध्ये लिहायची, हंगेरियन कसली?

तिरपी_मात्रा
शोप्रॉन हंगेरीच्या राज्यात होतं. सोलापुरात घरी तेलुगू बोलणारा सोलापूरकर नसतो का?

काजळमाया
भांडण चालू द्या, पण लिहितानाही ती किती सावध आहे बघा. साथीदाराच्या नावाची जागा तिने कोरी ठेवली. आधी एका क्रोएशियन माणसाला विचारलं होतं. तो इतका घाबरला की घोड्यावर बसून जो गेला तो गेलाच. त्याचंही नाव नाही. आणि मला अभिषेकाचे कपडे जास्त लक्षात राहिलेत. सिगिस्मुंडचा जुना झगा कापून हिने चोरून तान्ह्याच्या मापाची राजवस्त्रं शिवली. हातमोजे, बूटसुद्धा. बाळाला तलवारीने सरदारकीचा मान देताना ही तलवार धरणाऱ्या सरदार उय्लाकीला म्हणते, देवासाठी जरा हळू.

भुईकोट
हृद्य. त्याच बाळाने मोठेपणी, राजा म्हणून, सेनापती हुन्यादीच्या विधवेला अभय दिलं आणि १६ मार्च १४५७ ला तिच्या थोरल्या मुलाचं, लास्लोचं, डोकं उडवलं. कुणासाठी कुलुपं कापली हे एकदा तिला विचारायला हवं होतं.

तिरपी_मात्रा
बारा आठवड्यांच्या बाळाची कुंडली मांडायची होती का तिने? तुम्ही हुन्यादी काढलाच आहे तर ऐका. १४४० मध्ये तो व्लादिस्लावकडून लढला, म्हणजे तुमच्या पक्षाचा. त्यानेच १४५२ मध्ये राज्याचा कारभारी म्हणून कोटानेर नवरा-बायकोला निष्ठेबद्दल किशफालुद ही मालमत्ता दिली. ज्याच्या बाजूचं नुकसान झालं त्याने जमीन दिली, आणि ५८० वर्षांनी तुम्ही फिर्याद लावताय.

भुईकोट
हे माहीत नव्हतं. ठीक. म्हणजे चोरीला सरकारी बक्षीस मिळालं. आपल्याकडेही मिळतं.

काजळमाया
याला भुईकोटांची शरणागती समजावी.

भुईकोट
समजा. पण ज्याच्यासाठी एवढं केलं तो मुकुट राणीकडे टिकला का? त्याच वर्षी तिनेच बाळासकट जर्मन राजा फ्रेडरिकच्या हवाली केला. तो परत आणायला १४६३ उजाडलं, आणि मात्याश राजाने ८०,००० सोन्याची नाणी मोजली. सांभाळायला दिलेल्या वस्तूचं हे असं होतं.

मुक्काम_पोस्ट
म्हणजे २३ वर्षांनी, पैसे मोजून का होईना, आला तरी. आम्हाला २६ झाली. गेल्या महिन्यात मामेबहिणीच्या मुलीच्या लग्नात नवरीच्या हातात दोन पाटल्या होत्या. एकीवर चीर. आईची जात्याला आपटून पडली होती ती. आहेराचं पाकीट दिलं आणि जेवून आलो.