वाळवंटातल्या ठाण्यावर सख्खे भाऊ एकत्र असावेत का?

पंचगंगाकाठ: बेळगावच्या मराठा सेंटरवर (मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र) आजी-माजी जवानांच्या मुलांसाठी, भावांसाठी भरती होत आली आहे. त्यामुळं कागल-गडहिंग्लजकडचे सख्खे भाऊ एका पलटणीत सापडतात. त्याला विरोध नाही. पण जैसलमेरपलीकडच्या एखाद्या एकलकोंड्या ठाण्यात दोघं नसावेत. कारण पाणी. उन्हाळ्यात राबणाऱ्या जवानाला रोज ८ ते १० लिटर पाणी निव्वळ प्यायला लागतं. ४० माणसं धरा, म्हणजे २० लिटरचे २० जेरीकॅन. टँकर वाळूत रुतला की मोजून वाटप सुरू. थोरला आपला वाटा गुपचूप धाकट्याला देणार आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच आडवा होणार.

नादखुळा_करवीर: उलट आहे भावा! उष्माघातात माणूस आधी बरळतो, चाल अडखळते. हा फरक पहिल्यांदा कुणाला कळणार? जन्मापासून ओळखणाऱ्याला. घाम येतोय म्हणजे धोका नाही, असं कुणी समजू नये. कष्टाच्या कामात घाम येत असतानाही उष्माघात होतो. सावली, ओलं फडकं, वारा, तेही ताबडतोब. भाऊ असला की ही धावपळ लवकर सुरू होते.

पंचगंगाकाठ: किंवा भाऊच झाकतो. 'काय नाही साहेब, जरा दमलाय.'

सुभेदार (नि.), शिरोळ: एक दुरुस्ती. शांततेत सीमेवरची ठाणी बीएसएफकडं, म्हणजे सीमा सुरक्षा दलाकडं असतात, सैन्य मागं असतं. जैसलमेरकडचं लोंगेवाला ठाणं हे युद्धातलं उदाहरण. ४-५ डिसेंबर १९७१ ची रात्र, २३ पंजाब या पलटणीची एक कंपनी, म्हणजे तुकडी, मेजर कुलदीपसिंग चांदपुरी, सुमारे १२० माणसं. हंटर विमानांना रात्री हल्ला करता येत नव्हता, म्हणून हवाई मदत उजाडल्यावरच. अशा रात्री एकाच तोफेवर दोन भाऊ असले आणि एक पडला, तर दुसऱ्यानं तोफ सोडायची नाही हे सांगणार कोण? पहाऱ्याच्या जोडीतही तेच. थोरला डुलकी काढतो, धाकटा उठवत नाही. पलटण एक चालेल, कंपनी वेगळी पाहिजे.

नादखुळा_करवीर: सुभेदारसाहेब, सख्खे वेगळे कराल, भावकीचं काय? सैनिक टाकळीसारख्या गावात घराघरातून पोरं फौजेत. चुलत, मावस, मेहुणे सगळे एकाच कंपनीत येणार. त्यांनाही अलग करणार?

रंकाळा_टॉवर: मुद्दा बरोबर, पण तो तुमच्यावरच उलटतो. इंग्रजांनी पहिल्या महायुद्धात गावंच्या गावं एका बटालियनमध्ये घातली. इंग्लंडातल्या ॲक्रिंग्टन गावची पोरं १ जुलै १९१६ ला सकाळी फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत चालून गेली. सुमारे ७०० पैकी ५८० च्या वर मेली, जखमी झाली किंवा बेपत्ता. एका गावाचा घास एका सकाळीत गेला. १९४२ मध्ये अमेरिकेचे पाच सलिव्हन भाऊ जूनो या एकाच जहाजावर होते, पाचही गेले.

नादखुळा_करवीर: ते जहाज होतं, बुडालं की सगळंच बुडतं. ठाणं बुडत नाही.

सुभेदार (नि.), शिरोळ: वेढलं गेलं की ठाण्याचंही जहाजच होतं. चुलतभावाला कंपनी वेगळी नको, पण एका खंदकात, एका पहाऱ्यात ठेवू नका. हवालदारानं ड्युटी यादी लावताना आडनावाबरोबर गावही बघावं, एवढंच काम आहे.

पंचगंगाकाठ: आणि सुट्टी? अग्निवीराला वर्षाला ३० दिवस. ऊसतोड आली की दोघांचे अर्ज एकदम येणार. एका ठाण्यावरची दोन माणसं कोण सोडतो?

नादखुळा_करवीर: तेवढं मान्य.