मदत हवी आहे: फोर बाय फोरची ट्रान्सफर केस गेली, अख्खी बदलू की उघडून दुरुस्त करू?

नमस्कार मंडळी,

सेकंडहँड घेतलेल्या एसयूव्हीबद्दल जाणकारांचा सल्ला हवा आहे. गाडी चेसिसवाली, डिझेल, मॅन्युअल गिअरबॉक्स. फोर-व्हील पार्ट-टाइम, म्हणजे मध्ये डिफरन्शियल (पुढच्या-मागच्या शाफ्टना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी जोडणी) नाही. डॅशबोर्डवरच्या गोल बटणाने टू-हाय (फक्त मागची चाकं), फोर-हाय (चारही चाकं), फोर-लो (चारही चाकं, कमी वेग आणि जास्त जोर) निवडायचं, मग मोटर ट्रान्सफर केसच्या आतला फोर्क, म्हणजे मोड बदलणारा काटा, सरकवते. ट्रान्सफर केस, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांकडे पाठवणारा डबा, चेनवाली आहे.

टू-हायमध्ये काहीच त्रास नाही. ना घरघर, ना थरथर. पण फोर-हाय टाकून मातीच्या चढावर जोर दिला की खालून ‘खाड्’ असा आवाज येतो आणि अख्ख्या गाडीला हिसका बसतो. ॲक्सिलरेटर सोडला की सगळं शांत. फोर-लोमध्ये तर थोडासा जोर लावला तरी लागोपाठ खाड्-खाड् सुरू होतं. बटणाचा दिवा लुकलुकत नाही, मोड व्यवस्थित पडतात.

तेल काढून पाहिलं. भरायला हवं त्याहून बरंच कमी निघालं आणि रंग काळपट. ड्रेन प्लगच्या चुंबकावर करडा लगदा होता, तो थोडाफार असतोच असं ऐकलं आहे. पण तेलात चंदेरी कणही होते आणि त्यातले बरेच चुंबकाला चिकटत नाहीत. हे पाहून पोटात गोळा आला.

एका मेकॅनिकचं म्हणणं, अख्खी केस बदला, भंगारात निघालेल्या गाडीची मिळते. दुसरे म्हणतात, उघडून चेन टाका, बाकी सगळं चालेल. दोघेही आपापल्या मतावर ठाम आहेत.

मला खरी धास्ती वेगळीच आहे. केस कशामुळे गेली ते न कळता दुसरी बसवली, तर तीही तशीच जाईल. आधीच्या मालकाने पुढे नवे टायर टाकलेत, मागचे बरेच झिजलेले आहेत. माप तेच, पण कंपन्या वेगळ्या. याचा संबंध असू शकतो का? जुनी केस घ्यायचीच झाली तर काय काय जुळवून पाहायचं? आणि काम होईपर्यंत पुढचा प्रोपेलर शाफ्ट (केसमधून पुढच्या ॲक्सलकडे जाणारा दांडा) काढून गाडी टू-हायमध्ये चालवली तर चालेल का? गाडी रोज लागते, म्हणून विचारतो आहे.

प्रतिसाद

लक्षणं चेनचीच वाटतात. पार्ट-टाइम केसमध्ये टू-हायला ताकद सरळ मागच्या शाफ्टला जाते, चेनवर भार येत नाही, म्हणून तेव्हा गाडी गप्प असते. चेन सैल झाली की फोर-हायमध्ये जोर पडताच स्प्रॉकेटच्या (चेनच्या दातेरी चाकाच्या) दातावरून उडी मारते, तोच तुमचा ‘खाड्’. फोर-लोचं रिडक्शन (वेग कमी करून जोर वाढवणं) चेनच्या आधी होतं. अनेक गाड्यांत ते 2.5 पटीच्या आसपास असतं, म्हणजे चेनवर ताण तितक्याच पटीने वाढतो. बेअरिंग गेलं असतं तर टू-हायमध्येही घरघर ऐकू आली असती.

तरी खर्चाआधी एक तपासणी करा, कारण पुढच्या चाकाचं हब (चाक ॲक्सलला जोडणारा मधला भाग) नीट लॉक झालं नाही तरी असाच आवाज येतो आणि बिचाऱ्या ट्रान्सफर केसवर आळ येतो. सपाट जागी फोर-हाय टाका, इंजिन बंद करा, हँडब्रेक ओढा, बाकीच्या चाकांना अडसर लावा. मग पुढचं एकच चाक जॅकवर घेऊन हाताने फिरवा. चाक फिरलं आणि पुढचा शाफ्ट स्थिर राहिला, तर दोष हबकडे किंवा पुढच्या ॲक्सलकडे. चाकासोबत शाफ्टही फिरला, तर केसमध्ये फोर्क किंवा मोटर काम करत नाही. चाक हललंच नाही, तर जोडणी ठीक आहे आणि संशय चेनवर पक्का. गाडी नुसत्या जॅकवर असताना खाली मात्र शिरू नका, स्टँड लावा.

टायरचा संबंध आहेच. समजा, नव्या टायरची नक्षी 8 मिमी आणि झिजलेल्याची 3 मिमी. 370 मिमी त्रिज्येच्या चाकात ढोबळ हिशोबाने हा फरक सव्वा टक्क्याच्या पुढे जातो. फोर-हायमध्ये पुढचा-मागचा शाफ्ट एकमेकांना बांधलेले असतात, त्यामुळे हा फरक कुठेतरी घसरून निघावा लागतो. मातीत टायर घसरतो. कोरड्या डांबरी रस्त्यावर तो घसरत नाही, मग सगळा पीळ चेन सोसते. आधीच्या मालकाने अशा रस्त्यावर फोर-हाय वापरलं असेल, तर चेन ताणली जाणारच.

धागाकर्ता

मनापासून आभार. तपासणी केली. चाक जागचं हललं नाही, म्हणजे हब आणि फोर्क दोन्ही ठीक दिसतात. आता प्रश्न उरतो त्या चुंबकाला न चिकटणाऱ्या कणांचा. ते ॲल्युमिनियम असेल तर कुठून आलं?

प्रतिसाद

केसच्या भिंतीतून. सैल चेन आतून भिंतीला घासते आणि ॲल्युमिनियम खरवडते. म्हणून माझं मत: आधी उघडा, मग ठरवा. भिंतीवर नुसते ओरखडे असतील आणि बेअरिंगच्या बैठका शाबूत असतील, तर चेन, बेअरिंग, सगळी सील आणि फोर्कचे प्लॅस्टिक पॅड बदलून तीच केस वापरा. स्प्रॉकेटचे दात झिजून हुकासारखे वाकडे झाले असतील तर तेही बदला, नाहीतर नवी चेनही लवकर जाईल. तेलाचा पंपही नीट पाहा, तेल कमी असताना तो कोरडा फिरला असू शकतो. भिंत आरपार गेली असेल किंवा बैठक सैल झाली असेल, तरच दुसरी केस.

दुसरी घेताना मागच्या बाजूच्या पट्टीवरचा नंबर जुळवा. इनपुटच्या खाचा मोजा, मॅन्युअल आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला त्या वेगळ्या असू शकतात. पुढचा शाफ्ट कोणत्या बाजूने निघतो, मागे फ्लँज (बोल्टने जोडायची चकती) आहे की सरकता जॉइंट, फोर-लोचं प्रमाण, मोटरचा सॉकेट, स्पीड सेन्सर, हे सगळं तेच हवं. तिन्ही मोडमध्ये इनपुट हाताने फिरवून बघा आणि तिचंही तेल काढून बघा. धुऊन पुसून चकचकीत केलेली, आत तेलाचा थेंब नसलेली केस मी तरी घेणार नाही.

पुढचा शाफ्ट काढून टू-हायमध्ये चालवता येईल, कारण तुमची पार्ट-टाइम आहे. फुल-टाइम (कायम चारही चाकांना ताकद देणाऱ्या) गाडीत सेंटर डिफरन्शियल लॉक न करता असं केलं तर गाडी जागची हलतच नाही. तुमचा शाफ्ट केसमध्ये घुसणारा असेल तर काढल्यावर तिथून तेल वाहील, तिथे बूच लागेल. तेल मात्र आधी पूर्ण भरा. तेलाशिवाय चालवलेली केस जाम झाली तर मागची चाकं धावत्या गाडीत अडकतात.

खाली उतरवताना दोन्ही शाफ्टच्या फ्लँजवर खुणा करून ठेवा आणि आडवा मेंबर (गिअरबॉक्स ज्यावर टेकतो ती चेसिसची आडवी पट्टी) काढण्याआधी गिअरबॉक्सला खालून आधार द्या. केस जड असते, एकट्याने हातावर झेलू नका. उतरलीच आहे तर गिअरबॉक्सचं मागचं सीलही बदला, पुन्हा तिथे पोहोचायला हाच सगळा खटाटोप करावा लागतो. वाफ बाहेर जाण्याची नळी तुंबली नाही ना, तेही बघा, तुंबली तर नवं सीलही गळतं.

तेल गाडीच्या पुस्तकात लिहिलेलंच वापरा. बऱ्याच चेनवाल्या केसमध्ये एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ तेल) लागतं, तिथे जाड गिअर ऑइल चालत नाही. गाडी सपाट उभी करून वरच्या प्लगच्या भोकातून तेल ओघळेपर्यंत भरा. आणि चारही टायर सारखे झाल्याशिवाय फोर-हायचं बटण फिरवू नका.